मंदाताईंचा गव्हर्नर

मंदाताई गजभिये कुठलीही वस्तू नुसत्या डोळ्यांनी बघत नाहीत, ठोकून बघतात. मी बर्मिंगहॅममध्ये त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आलो त्या दुपारी खिडकीतून पाहिलं, तर सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्याशा, नेव्ही ब्लू कोटातल्या एक बाई माझ्या सेकंडहँड गाडीच्या दाराला कान लावून उभ्या. बोटांच्या पेरांनी दारावर टक टक करत होत्या. डॉक्टर छाती तपासतात तसं. मी धावत बाहेर गेलो.

"तुझी?" त्यांनी मराठीतच विचारलं. मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, हे मला आजही माहीत नाही.

"हो."

"पोकळ आहे."

मी नाव सांगितलं, निखिल, पुण्याचा, बँकेत सॉफ्टवेअरचं काम. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की आता माझ्या बरगड्या ठोकतात की काय असं वाटलं.

"मॉडेल कोणतं?"

"गाडीचं?"

"गाडीचं दिसून राहिलं मला. तुझं."

मी जन्मसाल सांगितलं. त्यांनी 'अरे बाप्पा' म्हणत मान हलवली. "म्हणजे तुला कॉर्डेल माहीतच नसणार. तू जन्मला तेव्हा कंपनी आयसीयूत होती."

मंदाताई मूळच्या नागपूरच्या. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यामुळे त्यांच्या तोंडी माणसांना गाड्यांची विशेषणं असतात आणि गाड्यांना माणसांचे आजार. त्यांच्या दारात जी गडद हिरवी, लांबलचक अमेरिकन घाटाची मोटार उभी असायची, तिचं नाव कॉर्डेल गव्हर्नर. आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली, दारं अरुंद. गव्हर्नर उभा केला की पुढचे दिवे मंदाताईंच्या दारापुढे यायचे आणि मागचे पलीकडच्या ग्रॅहमच्या.

ग्रॅहम हा निवृत्त पोस्टमन. त्याचं आयुष्यातलं उरलेलं एकमेव ध्येय गव्हर्नरला हलवणं हे होतं. तो कौन्सिलला फोन करायचा, गव्हर्नरच्या काचेवर तक्रारीचा कागद चिकटवायचा. एकदा त्याने मंदाताईंना रस्त्यातच गाठलं आणि म्हणाला, एवढ्या जागेत माणसं दोन गाड्या लावतात. मंदाताई म्हणाल्या, ग्रॅहम, एवढी मोठी गाडी लोक का बांधायचे ते तुला सांगते, ये. आणि त्याला गाडीत बसवून त्यांनी कॉर्डेल कंपनीचा इतिहास सुरू केला. ग्रॅहम संध्याकाळी बाहेर पडला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मयताला जाऊन आल्याची कळा होती. त्यानंतर तो फक्त कौन्सिललाच फोन करायचा.

तो इतिहास या शहरातल्या प्रत्येक मराठी माणसाने ऐकलाय. काहींनी दोनदा.

अमेरिकेतल्या कुठल्याशा मक्याच्या गावात कॉर्डेल नावाच्या माणसाने घोडागाडीची चाकं करायचा धंदा काढला. "चाक असं, की घोडा मरायचा पण चाक मोडायचं नाही." मग मोटारी आल्या. मग लढाई, आणि लढाईसाठी ट्रक. लढाई संपली तेव्हा कंपनीकडे इतकं पोलाद आणि इतकी घमेंड शिल्लक राहिली, की त्यांनी सोफासेटला चाकं लावून विकायला सुरुवात केली. पुढे क्रोम, मागे माशाचे पर. नागपुरात एका खाणमालकाकडे ती गाडी होती. ती शाळेवरून गेली की पोरं बाहेर धावायची, आणि पोरांच्या आधी मास्तर.

त्या पोरांत एक प्रभाकर गजभिये होता. तो पुढे इंजिनीअर झाला. घरच्यांचं म्हणणं, चांगली सरकारी नोकरी धर. पण कॉर्डेलने तेव्हा बर्मिंगहॅमजवळ एक जुना कारखाना विकत घेतला होता आणि त्यांना माणसं हवी होती. प्रभाकर म्हणाला, कॉर्डेल बुडेल तेव्हा जग बुडेल.

"जग काही बुडलं नाही जी," इथे मंदाताई थांबायच्या आणि चहाचा घोट घ्यायच्या.

पहिली वर्षं दिवाळीसारखी होती. प्लांटच्या गेटमधून गव्हर्नर बाहेर पडायचे ते रांगेने. प्रभाकर गजभिये बॉडी आणि पेंटचा इन्स्पेक्टर. त्याने सही केल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. कॉर्डेलमध्ये नोकरी आहे म्हटल्यावर घर भाड्याने देताना गोरे घरमालकसुद्धा नाक मुरडायचे ते जरा कमी. मंदाताई लग्न होऊन आल्या तेव्हा साहेबांनी, म्हणजे नवऱ्याला त्या साहेबच म्हणतात, घरही दाखवायच्या आधी त्यांना प्लांट दाखवला होता.

मग पेट्रोल महागलं. जपान्यांच्या चिमुकल्या गाड्या आल्या, पेट्रोल नुसतं हुंगून चालणाऱ्या. "आता शहाण्याने काय करावं? गाडी छोटी करावी. यांनी काय केलं? गाडी तेवढीच ठेवली आणि आतून खायला सुरुवात केली." लाकडाच्या जागी लाकडाचा फोटो लावला. पितळेच्या जागी प्लास्टिक आलं. सगळ्यात शेवटी, रंगाखालच्या प्रायमरचे दोन हात द्यायचे तिथे एकच हात द्यायला लागले. वरून काही कळायचं नाही. चमक तीच.

साहेबांनी सही करायचं नाकारलं. वरिष्ठांपुढे जाऊन सांगितलं, ही गाडी दोन हिवाळे काढणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि साहेबांना उचलून स्टोअर्समध्ये बसवलं. नट-बोल्ट मोजायला. सहीला दुसरा माणूस मिळाला. दोन हिवाळ्यांनी गाड्या परत यायला लागल्या, दाराच्या खालच्या कडा बिस्किटासारख्या मोडत होत्या. मग संप झाले, माणसं कमी केली, प्लांट बंद पडला. तिथे आता गोदाम आहे, लोकांची पार्सलं निघतात. अमेरिकेत कंपनी विकली गेली. ज्यांनी घेतली त्यांनी आपल्याच एका फडतूस गाडीवर कॉर्डेलचं नाव चिकटवलं. तीही चालली नाही. मग नुसतं नाव विकलं. "मागल्या वर्षी मोटरवेवरच्या थांब्यावर गेले, हात धुतले, आणि हात वाळवायच्या मशीनवर काय लिहिलं होतं? कॉर्डेल. हात पण धड वाळत नव्हते."

हे ऐकून नवीन माणूस हसायचा. मंदाताई हसायच्या नाहीत.

हाच इतिहास त्या सगळीकडे वापरायच्या. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी नवी इलेक्ट्रिक गाडी घेतल्याचे पेढे वाटत होता. मंदाताईंनी पेढा घेतला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि भर पार्किंगमध्ये कोटासकट गुडघ्यांवर बसून गाडीखाली वाकल्या. "खालून पाहत जा," उठताना त्या म्हणाल्या, "वरून सगळेच नवरदेव." एका लग्नात मुलाची आई मुलाच्या पगाराचं कौतुक करत होती, तर यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन विचारलं, "प्रायमर किती हात आहे, विचारलं का?" माणूस फार गोड बोलला की त्या म्हणायच्या, "शेवटच्या काळातलं मॉडेल." त्यांच्या लेखी याहून मोठी शिवी नव्हती.

"आणि साहेबांचं पुढे काय झालं?" मी एकदा विचारलं.

"घरी आले आणि बोलायचे थांबले. मग एका शाळेत केअरटेकर झाले. शाळेच्या रेलिंगला दर उन्हाळ्यात दोन हात प्रायमर द्यायचे. कोणी सांगितलं नव्हतं."

"मग?"

"मग गेले ते पण."

दर रविवारी त्या नेव्ही ब्लू कोट घालून, केस नीट बसवून गव्हर्नर बाहेर काढायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. मला वाटायचं, कुठल्यातरी विहारात वंदनेला जात असतील. गव्हर्नरला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

ऑक्टोबरात ओल्या पानांवरून त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. फ्रॅक्चर क्लिनिकमधून आल्यावर त्यांनी प्लॅस्टर ठोकून पाहिलं आणि "हे बरं केलं पोराने" असा शेरा दिला. शनिवारी माझी बेल वाजली.

"निखिल, तुला उद्या गव्हर्नर चालवावा लागेल. इन्शुरन्सचं मी पाहिलंय. टाय आहे का तुझ्याकडे?"

"कुठे जायचंय?"

"ड्यूटीवर."

गव्हर्नर चालवणं म्हणजे एखाद्या वयस्कर, जाड आणि तापट नातेवाइकाला जिन्यावरून खाली उतरवणं. समोरचं बॉनेट माझ्या पुण्यातल्या बाल्कनीपेक्षा लांब होतं. ब्रॉम्सग्रोव्हच्या रस्त्याला लागेपर्यंत माझा शर्ट भिजला होता. वृद्धांच्या एका केअर होमच्या आवारात शिरताना मंदाताई म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात लाव. खिडकीखाली. नाक पुढे." मग आरशात केस पाहिले. "ऐक. आत गेल्यावर मला ताई म्हणू नको, मॅडम म्हण. मी प्लांटच्या ऑफिसमधली. तू नवा अप्रेंटिस."

"आत कोण आहे?"

"साहेब."

"पण ते तर... तुम्हीच म्हणालात, गेले."

"गेले म्हटलं. मेले म्हटलं नाही."

इंजिन बंद झालं होतं, तरी त्या खाली उतरेनात. मग सांगून टाकावं तसं भराभर बोलल्या. साहेब त्यांना आता ओळखत नाहीत. सुरुवातीला त्या भेटायला आल्या की घाबरायचे. ही कोण बाई, माझ्या खोलीत कशी आली, म्हणायचे. एकदा तर कोपऱ्यात तोंड करून रडले. मंदाताई दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागल्या. मग एका रविवारी दुसरीकडे जागा नव्हती म्हणून गव्हर्नर खिडकीखाली लावला. साहेबांनी तो पाहिला आणि खणखणीत आवाजात विचारलं, प्लांटवरून कोण आलंय? "म्हटलं, मी आले साहेब. बसा म्हणाले. तेव्हापासून बसते."

आत साहेब टाय बांधून उभे होते. उंच, वाळलेले, दाढी गुळगुळीत. त्यांनी मला "जय भीम" म्हटलं, माझ्या टायची गाठ बघून नाराजी दाखवली आणि मंदाताईंसाठी खुर्ची ओढली.

"बोला मॅडम. लाइन चालू आहे?"

"दोन्ही शिफ्ट चालू आहेत साहेब. जागा पुरत नाही. मागच्या बाजूला नवीन शेड बांधून राहिले."

"आणि पेंट?"

"तुम्ही सांगितलं तसंच. दोन हात प्रायमर. वरून माणसं आली होती. म्हणाले, गजभियेंची सही असेल तरच गाडी सोडा."

साहेबांनी डोळे मिटले. "मी म्हटलं होतं त्यांना."

"हो साहेब. त्यांनी ऐकलं."

शहरभर कॉर्डेलचं प्रेत दाखवत हिंडणारी ही बाई त्या खोलीत कंपनी उभी करत होती. जपानी हात हलवत परत गेले होते. पेट्रोल स्वस्त होतं. स्टोअर्सच्या खोलीत कोणीही बसलेलं नव्हतं. साहेब मधूनमधून उठून खिडकीतून गव्हर्नरकडे बघायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे. निघताना ते उठून उभे राहिले आणि मंदाताईंना म्हणाले, "तुम्ही फार व्यवस्थित बोलता, मॅडम. येत जा."

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "ग्रेस सांगते, रविवारी त्यांना झोप चांगली लागते." ग्रेस म्हणजे तिथली केअरर.

पुढे प्लॅस्टर निघालं तरी मी जात राहिलो. अप्रेंटिस म्हणून माझी थोडी प्रगतीही झाली. साहेबांनी एकदा माझे बूट पाहून 'ठीक' म्हटलं.

जानेवारीत मंदाताईंनी मला सोबत घेऊन गव्हर्नर तपासायला नेला. इतक्या जुन्या गाडीला दरवर्षीची टेस्ट लागत नाही, पण त्या स्वतःहून करून घ्यायच्या. गॅरेज इक्बालभाईंचं. ते बराच वेळ गाडीखाली होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी हात पुसले, मग मला बाजूला घ्यायला लागले. मंदाताई म्हणाल्या, "मला सांगा. मी पेशंटच्या नातेवाइकांना आयुष्यभर सांगितलंय."

"आपा, चासी गयी. स्क्रूड्रायव्हर आरपार जाता है. वेल्डिंग किसपे करूँ, नीचे लोहा ही नहीं है. अगले गड्ढे में बीच से बैठ जाएगी."

मंदाताई वाकल्या. त्यांनी दाराखालची कड हाताने चाचपली, पण ठोकली नाही. "ही पहिल्या लॉटमधली आहे," त्या म्हणाल्या. "साहेबांच्या सहीची. हिला दोन हात होते." मग सरळ होत, "इथली हवाच ओली."

गाडी न्यायला ट्रक आला तेव्हा ग्रॅहम बाहेर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांच्या फोनाफोनीचं फळ डोळ्यांसमोर होतं, पण तो खूश दिसेना. गव्हर्नर उलटा, मागची बाजू वर करून गेला. ग्रॅहम म्हणाला, "गल्ली उघडी पडली." त्या जागेवर नंतर कितीतरी दिवस कोणी गाडी लावली नाही. ग्रॅहमनेही नाही.

रविवारी मी माझ्या गाडीची किल्ली घेऊन गेलो. मंदाताई कोट घालून तयार होत्या, पण किल्ली बघून मागे सरकल्या. "या जपानी डबीतून? साहेबांच्या खिडकीखाली? काही नको." म्हणून आम्ही बसने गेलो. पाऊस तिरपा होता, बदलायची बस आली नाही, पुढचा रस्ता चालावा लागला. केअर होमच्या दारात पोहोचलो तेव्हा त्यांच्या कोटातून पाणी निथळत होतं आणि नीट बसवलेले केस कपाळाला चिकटले होते. बेलवर बोट ठेवून त्या थांबल्या.

"आज मी कोण म्हणून जाऊ रे?"

ग्रेसने दार उघडलं.

साहेब खिडकीशी उभे होते, टाय बांधून. खाली कोपरा रिकामा होता. ते वळले.

"गाडी कुठे आहे?"

सर्व्हिसिंगला दिली म्हणता आलं असतं. मला वाटलं, तेच म्हणतील. रविवारी त्या किती सफाईने बोलायच्या ते मी ऐकलेलं होतं. पण मंदाताई तसं म्हणाल्या नाहीत.

"गाडी नाही आता, साहेब. बसने आले मी."

"बसने?"

"हो."

साहेब जवळ आले. मी दाराकडे सरकलो, ग्रेसला हाक मारावी लागेल म्हणून. ते मंदाताईंच्या केसांकडे बघत होते, बुटांकडे, कोटाच्या बाहीतून टपकणाऱ्या पाण्याकडे. मग त्यांनी अंगातलं स्वेटर काढायला सुरुवात केली. डोक्यात अडकलं, टाय वर गेला, पण त्यांनी ते काढलं आणि मंदाताईंच्या खांद्यावर टाकलं.

"बसा. माझी बायको पण बसने जाते," ते म्हणाले. "नर्स आहे ती. रात्रपाळी करते आणि सकाळी स्टॉपवर उभी असते, थंडीत. गाडी मी प्लांटला घेऊन जातो. प्लांट महत्त्वाचा, नाही का? तिला आणायला कधी गेलो नाही मी, मॅडम. एकदापण नाही."

"तिचं काही म्हणणं नाही, साहेब."

"तुम्हाला काय माहीत?"

"ओळखते मी तिला."

साहेबांचा चेहरा पोरासारखा झाला. "बोलते का ती माझ्याबद्दल?"

"बोलते ना जी. लोकांना वीट येईपर्यंत बोलते."

साहेब हसले. मग इकडेतिकडे बघायला लागले, पलंगाखाली वाकले. "माझे बूट कुठे आहेत? आज जातो. सुटायची वेळ झाली तिची."

दारात आलेल्या ग्रेसने माझ्याकडे पाहिलं. थांबवू का, असं तिचे डोळे विचारत होते. मंदाताईंनी पलंगाखालून बूट ओढले होते. गुडघ्यांवर बसून, त्या अजून नीट न वळणाऱ्या मनगटाने त्यांनी साहेबांच्या बुटाच्या नाड्या बांधल्या, एक सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. ग्रेसने कपाटातून कोट काढून दिला.

बाहेर काही ते गेले नाहीत. पुढच्या काचेच्या दाराशी एक बाक आहे, त्यावर दोघं बसले. साहेब कोटाची बटणं लावून, ताठ, काचेपलीकडच्या पावसात बघत. मंदाताई त्यांच्या स्वेटरमध्ये. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो.

"सुटली असेल का?"

"सुटली."

"मला उशीर तर नाही झाला?"

"नाही."

साहेबांनी मान हलवली, पण नजर काचेवरून काढली नाही. "गर्दीत दिसेल ना ती मला?"

"दिसेल," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांच्याजवळ थोड्या सरकून बसल्या.